बेळगावच्या उन्हात जुनं विमान चढेना? इंजिनला हात लावण्याआधी हे वाचा

बेळगावला आपण कौतुकाने गरिबांचं महाबळेश्वर म्हणतो. गाव उंचावर, हवा थंड. जुन्या हलक्या विमानाच्या मात्र हीच उंची मुळावर येते. सांबऱ्याची, म्हणजे आपल्या बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून २४८७ फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी दोन माणसं बसवून ९० एचपीचं विमान उडवायला निघालं की ते जमीन सोडतं खरं, पण पुढे चढायचं नाव घेत नाही. मग हँगरमध्ये चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, "इंजिन मोठं टाका की ओ!"

आम्ही काही मित्रांनी भागीदारीत घेतलेल्या विमानावर हे सगळं करून झालंय. ज्यांच्याकडे पुष्पक, सेस्ना १४०, अ‍ॅरोंका किंवा त्याच पिढीतलं दुसरं दोन सीटचं विमान आहे, किंवा यायच्या बेतात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुष्पक आपल्या एचएएलचं. पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ला. सुमारे १६० बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. तिच्या नाकात कॉन्टिनेन्टलचं सी-९०. सेस्ना १४०मध्ये त्याच घरातलं सी-८५, आणि पुढे सेस्ना १५०मध्ये आलेलं ओ-२००. खालचं सगळं या तीन इंजिनांभोवती आहे.

१. आधी हवेचा हिशेब करा

पाना उचलायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. प्रमाण हवेत (हिशेबासाठी ठरवलेली आदर्श हवा) सांबऱ्याच्या उंचीवर तापमान १० अंश सेल्सिअस धरतात. एप्रिलच्या दुपारी ते ३६ अंश असेल तर फरक झाला २६ अंशांचा. प्रत्येक अंशामागे साधारण १२० फूट, म्हणजे तीन हजारांवर. ते २४८७मध्ये मिळवलं की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवा किती उंचीवरच्या इतकी पातळ आहे तो आकडा, ५६०० फुटांच्या आसपास जाते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना ढोबळमानाने तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे टेकऑफला ९५ एचपी देणारं सी-९० त्या दुपारी ७९-८० एचपीवर येतं. वर पातळ हवेत प्रोपेलर आणि पंखही कमी काम करतात, ते वेगळंच.

आता जानेवारीतल्या सकाळचा हिशेब. तापमान १४ अंश, डेन्सिटी अल्टिट्यूड तीन हजारांच्या आत, इंजिन देणार ८६ एचपीच्या आसपास. तेच विमान, तेच इंजिन, फरक सहा-सात एचपीचा. सी-९० काढून ओ-२०० टाकलं तर कागदावर मिळतात पाच. ही तुलना डोक्यात ठेवूनच पुढे वाचा. दुपारी बारा वाजता उडायचा हट्ट सोडून सकाळी सातला उडणं हा या गावातला सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे. हे सांगितलं की लोकांचा हिरमोड होतो, त्याला इलाज नाही.

२. इंजिन मुळात पूर्ण ताकद देतंय का ते बघा

माझ्या मते अर्ध्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटावीत. साठ वर्षांच्या इंजिनाने छापील एचपी दिला नाही तर त्यात नवल नाही. तो कुठे गळतोय ते शोधायला लागणारं सामान थोडकंच आहे: दोन गेजचा डिफरन्शियल कॉम्प्रेशन टेस्टर, ऑप्टिकल टॅकोमीटर, मॅग्नेटोचा टायमिंग लाइट, बोअरस्कोप आणि त्या इंजिनाचं ओव्हरहॉल मॅन्युअल. यातलं काहीच विकत घ्यायला हवं असं नाही. ज्या वर्कशॉपकडे काम द्याल त्यांच्याकडे ते असलंच पाहिजे, नसेल तर दुसरं वर्कशॉप बघा.

सुरुवात टॅकोमीटरपासून. जुने केबलवाले मेकॅनिकल टॅको शंभर-शंभर आरपीएम खोटं बोलतात. काचेवर २३०० दिसतं आणि प्रोपेलर खरं तर २२००वर फिरत असतो. ऑप्टिकल टॅको प्रोपेलरवर रोखून फरक लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर पुढचं कुठलंही मोजमाप विश्वासाचं नाही.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम असताना सिलिंडर टॉप डेड सेंटरला आणायचा आणि ८० पीएसआय हवा सोडायची. एक गेज ८०वर राहतो, दुसरा सांगतो किती टिकली. ७२, ७४ आलं तर छान. ५८ आलं तर कान लावायचे. एक्झॉस्टच्या नळीतून "स्स्स" ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. तेलाच्या फिलरमधून किंवा ब्रीदरमधून आलं तर रिंगा. थोडं रिंगांकडून येणारच, तो आवाज भोंगळ असतो. व्हॉल्व्हचा आवाज धारदार, शिट्टीसारखा, आणि तोच महाग पडणारा. कॉन्टिनेन्टल इंजिनांना किती गळती चालते याची मर्यादा टेस्टरच्या मास्टर ऑरिफिसवरून (ठरावीक मापाच्या छिद्रावरून) ठरते, "साठच्या खाली गेलं की सिलिंडर बाद" असा सरसकट नियम तिथे नाही.

धोका: ही चाचणी करताना प्रोपेलर दोन हातांनी घट्ट धरायला एक जाणता माणूस लागतो. ८० पीएसआयने पिस्टन खाली ढकलला तर पातं झपकन फिरतं आणि हात मोडतं. नवशिक्या पोराला "जरा धर रे" म्हणून उभं करू नका.

याशिवाय कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी, झडप पूर्ण बंद होते का ते बघा. अर्धवट उघडी राहिली तर इंजिन कायम गरम हवा ओढतं, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. मॅग्नेटोचं टायमिंग डेटा प्लेटवर लिहिलेल्या अंशांवर आहे का, थ्रॉटल पूर्ण पुढे केल्यावर कार्ब्युरेटरचा लिव्हर स्टॉपला टेकतो का, हेही त्याच दिवशी उरका.

३. मार्ग ठरवा

वरचं सगळं ठीक असूनही ताकद कमी वाटत असेल तर तीन मार्ग उरतात.

सी-९०वरून ओ-२००. सगळ्यांच्या तोंडी हाच असतो, आणि मला सगळ्यात कमी पटतो तोही हाच. दोन्ही इंजिनं २०१ घन इंचांची, दोन्हींचा कॉम्प्रेशन रेशो ७. सी-९० टेकऑफला पाच मिनिटांपुरते ९५ एचपी २६२५ आरपीएमवर देतं, सलग ९० एचपी २४७५वर. ओ-२०० देतं १०० एचपी, २७५० आरपीएमवर. एचपीला ५२५२ने गुणून आरपीएमने भागा, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, निघतो: दोन्हीकडे १९० पौंड-फुटांच्या आसपास. म्हणजे जास्तीचे पाच एचपी निव्वळ जास्त फेऱ्यांचे. तुमचा प्रोपेलर चढताना इंजिनला २३५०च्या वर जाऊच देत नसेल, तर ओ-२०० टाकून चढाईत काडीचा फरक पडणार नाही. उलट सी-९०चा कॅम कमी आरपीएमला जास्त मनापासून ओढतो असा या इंजिनांवर काम करणाऱ्यांचा जुना अनुभव आहे.

सी-८५मध्ये ओ-२००चा क्रँकशाफ्ट. हा खरा उपयोगी मार्ग. सी-८५चं बोअर तेच, चार इंचांहून थोडं जास्त, पण स्ट्रोक पाव इंचाने लहान. ओ-२००चा क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घातले की १८८ घन इंचांचं इंजिन २०१चं होतं. टॉर्क वाढतो तो खालच्या आरपीएमपासूनच, म्हणजे टेकऑफ आणि चढाईत, आपल्याला हवा तिथेच. अमेरिकेत यासाठी एसटीसी, म्हणजे पूरक टाइप सर्टिफिकेट, मिळालेलं आहे. बाहेरून इंजिन तेच दिसतं, माउंट तेच, काउलिंग तेच.

मोठं लायकोमिंग. ओ-२३५ किंवा थेट १५० एचपीचं ओ-३२०. ओ-३२०चं कोरडं वजनच ११० किलोंच्या आसपास. माउंट नवा, काउलिंग नवं, नाक जड, बॅटरी शेपटीकडे हलवा, इंधन जास्त पितं म्हणून पल्ला कमी. कापडी दोन सीटच्या विमानाला हे करायचं तर विमानाच्या सांगाड्याचाही हिशेब मांडावा लागतो. ज्यांना कागदपत्रांचा छंद आहे त्यांनी जरूर करावं.

पुष्पकवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे: सी-९० ठेवा, त्याचं नीट ओव्हरहॉल करा आणि पैसे प्रोपेलरवर घाला.

४. कागद आधी, पाना नंतर

व्हीटी- नोंदणीच्या विमानात मंजुरीशिवाय बदल केला की त्याचं एअरवर्दिनेस सर्टिफिकेट (उडायला योग्य असल्याचा दाखला) निरुपयोगी होतं, आणि विम्याचं संरक्षणही त्याच्या मागोमाग जातं. हे काम डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सीएआर-२१ या नियमावलीत बसतं. लहान-मोठ्या बदलांची मंजुरी, एसटीसी, दुरुस्ती, सगळं त्यात. आपल्या भागाला विभागीय कार्यालय बेंगळुरूचं.

इथला सगळ्यात मोठा सापळा हा: एसटीसी विमानाच्या किंवा इंजिनाच्या ठरावीक मॉडेलवर असतो. पुष्पक अ‍ॅरोंका चीफसारखी दिसते, म्हणून अ‍ॅरोंकाचा एसटीसी तिला आपोआप लागू होत नाही. तिचं टाइप सर्टिफिकेट वेगळं. परदेशी एसटीसी असला तरी तो डीजीसीएपुढे ठेवून मान्य करून घ्यावा लागतो, आणि एसटीसीच्या मालकाचं तुमच्या विमानाच्या सिरियल नंबरसह लेखी परवानगीपत्र लागतं. इंटरनेटवरून उतरवलेली पीडीएफ म्हणजे परवानगी नव्हे.

फाइलला हे लावा:

- नोंदणी प्रमाणपत्र, एअरवर्दिनेस सर्टिफिकेट आणि चालू एआरसी (एअरवर्दिनेसच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र)
- विमान, इंजिन आणि प्रोपेलर यांची तीन वेगळी लॉगबुकं, शक्यतो पहिल्या पानापासून
- विमान, इंजिन, प्रोपेलर तिन्हींची टाइप सर्टिफिकेट डेटा शीट
- लागू एडी (सुरक्षेसाठीचे सक्तीचे आदेश) आणि सर्व्हिस बुलेटिनांची यादी, प्रत्येकापुढे कधी पूर्ण केलं त्याची नोंद
- एसटीसी, त्याचं परवानगीपत्र आणि बसवण्याच्या सूचना
- बदलाआधीचा वेट अँड बॅलन्स रिपोर्ट
- प्रत्येक सुट्या भागाचं रिलीज सर्टिफिकेट (भाग विमानात बसवायला योग्य असल्याचा दाखला)

जुन्या फ्लाइंग क्लबांतून आलेल्या विमानांची लॉगबुकं बऱ्याचदा मधेच तुटलेली असतात. विकत घेतानाच ती चाळा. १९७०च्या दशकातलं एक लॉगबुक गायब असेल तर क्रँकशाफ्टचे तास कुणालाच सिद्ध करता येत नाहीत, आणि तासांचा पुरावा नसलेला क्रँक म्हणजे भंगारच.

५. काम कुणाकडे द्यायचं

सही करणारा एएमई, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल इंजिनिअर, पिस्टन विमानांच्या बी-१.२ श्रेणीचा लागतो आणि इंजिन उघडायचं काम सीएआर-१४५ मान्यताप्राप्त संस्थेत होतं. त्या संस्थेच्या मान्यतापत्रावर तुमचं इंजिन लिहिलेलं आहे का ते स्वतः वाचा. "आम्ही सगळी पिस्टन इंजिनं करतो" हे तोंडी चालत नाही.

आता उद्यमबागचं, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीचं. आपल्याकडे ओतकाम आणि क्रँकशाफ्ट करणारे मेस्त्री असे आहेत की त्यांच्या हाताला तोड नाही. तिकडे कोल्हापुरातही तेच. हत्तरगीहून तर विमानांचे भाग परदेशी जातात. साहजिकच कुणीतरी सुचवतं: "क्रँक ग्राइंड करायला परदेशी कशाला, इथंच करून घेऊया की." करून मिळेल, मायक्रॉनात मिळेल, पण बसवता येणार नाही. एक तर त्या कामाला विमानाचं रिलीज सर्टिफिकेट देण्याचा अधिकार ती जागा कुठून आणणार? दुसरं, जर्नलवर नायट्रायडिंगचा कडक थर असतो. ग्राइंडिंगमध्ये तो निघतो आणि परत कसा द्यायचा हे मॅन्युअल ठरवतं, मेस्त्रींचा अंदाज नव्हे. तिसरं म्हणजे चुंबकीय कण तपासणी: केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही, आणि ती भेग हवेत उघडते.

उद्यमबागचा उपयोग कुठे करायचा? इंजिन स्टँड, उचलायची साखळी, लाकडी पेटी, हँगरमधली अवजारं. तिथे ते सोनं करतात.

६. सुटे भाग मागवताना

ओ-२००चे सिलिंडर, पिस्टन, रिंगा अजूनही नवे मिळतात, मूळ कंपनीचे आणि एफएए-पीएमए (अमेरिकेच्या एफएएने मान्य केलेले, दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेले) दोन्ही. सी-९०चा कॅम किंवा क्रँक मात्र शोधावा लागतो, आणि बहुधा वापरलेलाच मिळतो.

प्रत्येक भागासोबत एफएए ८१३०-३, ईएएसए फॉर्म १ किंवा आपल्याकडचा सीए फॉर्म १ यांपैकी एक रिलीज सर्टिफिकेट हवंच. एका विक्रेत्याने आम्हाला सिलिंडरसोबत रिलीजची झेरॉक्स पाठवली, तीही दुसऱ्याच सिरियल नंबरची. मूळ कागद येईपर्यंत पेटी उघडली नाही, हे बरं झालं. पैसे देण्याआधीच कागदाचा फोटो मागवा आणि सिरियल नंबर भागावरच्या ठशाशी ताडून बघा.

कस्टम्सला माल "इंजिन पार्ट्स" एवढंच लिहून आला की तो मोटारीच्या भागांत मोजला जातो आणि भांडण सुरू होतं. इनव्हॉइसवर विमानाचा भाग, मॉडेल आणि पार्ट नंबर स्पष्ट लिहायला सांगा. १५ जुलै २०२४पासून विमानांच्या सुट्या भागांच्या आयातीला अटींसह सरसकट ५ टक्के आयजीएसटी आहे. एजंटला हे माहीत आहे का, आधीच विचारा.

७. प्रोपेलर

इंजिनची ताकद हवेला देतो तो हाच, आणि सगळे विसरतात तोही हाच. पिच (एका फेरीत पातं जितकं पुढे सरकावं ते अंतर) जास्त असलेला क्रूझ प्रोपेलर सपाट उड्डाणात पळवतो, पण टेकऑफला इंजिनला दाबून धरतो. २३०० आरपीएमला सी-९०कडून जेमतेम ८३-८४ एचपी निघतात, तेही समुद्रसपाटीवर. कमी पिचचा क्लाइंब प्रोपेलर लावून तेच इंजिन चढाईत २४५०पर्यंत गेलं तर पाच-सहा एचपी वाढतात. इंजिन न उघडता. बदल्यात क्रूझचा वेग थोडा जातो, आणि सपाट उड्डाणात थ्रॉटल जपून वापरावा लागतो, नाहीतर आरपीएम लाल रेषेपलीकडे जातो.

डेटा शीटमध्ये त्या विमानाला कोणते प्रोपेलर चालतात, त्यांचा व्यास किती आणि स्टॅटिक आरपीएम (विमान जागेवर उभं असतानाचा) कमीत कमी-जास्तीत जास्त किती, हे लिहिलेलं असतं. विमान बांधून, थ्रॉटल पूर्ण देऊन मोजा, टॅकोची चूक वजा करा, आणि त्या चौकटीत बसतं का बघा. धातूचा प्रोपेलर मनाने कापून घेऊ नका. टोकं कापली की त्याची कंपनं बदलतात आणि पातं तुटून गेल्याची उदाहरणं आहेत.

८. बसवताना

काउलिंगच्या आतले पत्र्याचे बॅफल आणि त्यांच्या रबरी पट्ट्या नव्या करा. जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, आणि फाटक्या पट्ट्यांतून हवा सिलिंडरांना न शिवताच निघून जाते. माउंटचे रबर बदला. विमानाचं पुन्हा वजन करा, जुन्या आकड्यात बेरीज-वजाबाकी करून भागवू नका.

सी-९०-८ मॉडेलवर स्टार्टर आणि जनरेटरची सोयच नाही, हाताने प्रोपेलर फिरवून चालू करायचं. ओव्हरहॉलच्या निमित्ताने -१२चं मागचं अ‍ॅक्सेसरी केस घालावंसं वाटतं. घाला, पण स्टार्टर आला की बॅटरी आली, वायरिंग आलं, सात-आठ कागद वाढले.

९. पहिले २५ तास

नव्या सिलिंडरांना ताकदीने चालवायचं असतं. जमिनीवर रेंगाळत ठेवलं की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत चकाकतात आणि रिंगा बसतच नाहीत. मग इंजिन आयुष्यभर तेल पितं. डिटर्जंट नसलेलं मिनरल ऑइल घाला, पहाटे गार हवेत निघा आणि ७५ टक्के ताकदीच्या आसपास ठेवून उडा. सांबऱ्याला प्रवासी विमानांच्या आणि ट्रेनिंगच्या गर्दीत होल्डिंग पॉइंटला थांबावं लागतं, तेव्हा टॉवरला आधीच कल्पना देऊन मोकळा वेळ मागा. २३०० मीटरची धावपट्टी आहे, पूर्ण वापरा. पहिली फेरी विमानतळाच्या डोक्यावरच. तेलाचं तापमान २२५ फॅरेनहाइटच्या लाल रेषेकडे सरकायला लागलं तर नाक खाली, वेग वाढवा, उतरा. तेल बदलताना गाळणी उलटी करून कपड्यावर झटका आणि चुंबक फिरवा, धातूचा कीस आहे का ते कळतं.

टेस्ट फ्लाइटची परवानगी आधी हातात हवी. त्यात सोबत्याला बसवायचं नाही, कितीही जवळचा असला तरी.

१०. इंधन

सी-९० आणि ओ-२०० ही ८०/८७ ऑक्टेनसाठी बनली, सी-८५ त्याहूनही कमी ऑक्टेनसाठी. आता मिळतं एव्हगॅस १००एलएल, आणि सप्टेंबर २०२२पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवतं. चालतं, पण त्यात शिसं जास्त आहे. खालच्या प्लगांवर राखाडी गोळे जमतात, व्हॉल्व्ह चिकटतात. जमिनीवर मिक्स्चर थोडं लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) ठेवा आणि प्लग वेळच्या वेळी काढून साफ करा.

रस्त्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणायचा विचारसुद्धा नको. त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर आणि सील खातं, पाणी ओढतं आणि उन्हात पाइपमध्येच वाफ धरतं.

११. पावसाळ्यात

जूनपासून सप्टेंबरपर्यंत बेळगावात हँगरच्या भिंतींनाही बुरशी येते. नवं इंजिन महिना-महिना बंद राहिलं तर सिलिंडरला गंज धरतोच. तेवढ्या काळात उडणार नसाल तर प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल घाला, वरच्या प्लगांच्या जागी डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावा, एक्झॉस्ट आणि ब्रीदरची तोंडं बांधा, आणि प्रोपेलरवर "इंजिन फिरवू नये" अशी पाटी लटकवा. पाटी लागतेच, कारण येणारा-जाणारा प्रत्येक शहाणा दर रविवारी पातं हाताने चार वेळा फिरवून जातो. त्याने सिलिंडरवरचा तेलाचा थर पुसला जातो, नवा चढत नाही. दहा मिनिटं जमिनीवर इंजिन चालवून बंद करणंही तसंच वाईट: आत पाणी तयार होतं आणि तेल ते उडवून लावण्याइतकं तापत नाही. उघडीप मिळाली की किमान अर्धा-पाऊण तास उडवा, नाहीतर तसंच बंद राहू द्या.